बॅसेटचे दात आणि घरातल्या चपला

कुत्र्याचं पिल्लू चपला का चावतं? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. हमखास तीन उत्तरं येतात : त्याचे दात शिवशिवतात, त्याच्या अंगात कॅल्शियम कमी असतं, किंवा ते मुद्दाम खोड्या करतं. शिक्षकांच्या खोलीत विचारलं तरी या यादीत फारशी भर पडत नाही. यातलं पहिलं उत्तर अर्धं बरोबर आहे. दुसरं बहुतेक वेळा चूक असतं आणि त्यावर विसंबून केलेला उपाय पिल्लाला अपायही करू शकतो. तिसऱ्या उत्तराचा पुरावा म्हणून लोक कुत्र्याच्या अपराधी चेहऱ्याकडे बोट दाखवतात. त्या चेहऱ्यावर एक सुरेख प्रयोग झालेला आहे, त्याकडे पुढे येऊच.

आमच्याकडे दीड वर्षापूर्वी बॅसेट हाउंड जातीचं अडीच महिन्यांचं पिल्लू आलं. नाव ढब्बू. त्याने आजवर कोल्हापुरी आणि रबरी मिळून सात चपला, टीव्हीचा रिमोट, खुर्चीचे दोन पाय आणि शब्दकोशाच्या एका खंडाची पाठ एवढा ऐवज खाल्ला किंवा चावला आहे. तेव्हा पुढचं विवेचन थोडं अनुभवातून आणि बरंचसं पुस्तकांतून आलं आहे असं समजावं.

बॅसेट म्हणजे जमिनीवर लोळणारे कान, सैल कातडी, दुःखी डोळे आणि आखूड, वाकडे पाय. फ्रेंच भाषेत 'बा' म्हणजे बुटका, त्यावरून हे नाव पडलं. 'हश पपीज' नावाच्या बुटांवर ज्याचं चित्र असतं तो हाच. (बुटांसाठी हे चित्र निवडणाऱ्याच्या घरी बॅसेटचं पिल्लू नसावं!) उंची जेमतेम ३५-३८ सेंटिमीटर, पण वजन २५ ते ३० किलोपर्यंत सहज जातं. थोडक्यात, मोठ्या कुत्र्याचं धड, डोकं आणि जबडा, पण पाय मात्र बुटके. असं का, हे २००९ साली उलगडलं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानवी जीनोम संशोधन संस्थेतल्या हायडी पार्कर, इलेन ऑस्ट्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की बॅसेट, डाक्सहुंड, कॉर्गी अशा आखूड पायांच्या जातींत एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत असते. पायाच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या वाढीत ती ढवळाढवळ करते आणि हाडं लांबीला वाढायची लवकर थांबतात.

चावण्याशी याचा संबंध आहे. या आखूड पायांवर वजन भराभर चढतं, म्हणून वाढीच्या वयात पिल्लाला जिने चढवणं, सोफ्यावरून उड्या मारू देणं, लांबवर पळवणं टाळावं लागतं. मग त्याला दमवायचं कसं? न दमलेल्या पिल्लाचा सगळा उत्साह जबड्यात उतरतो.

आता दातांकडे वळू. जन्मतः पिल्लाला दात नसतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात दिसू लागतात आणि दोन महिन्यांपर्यंत २८ दात पूर्ण होतात. हे दात सुईसारखे टोकदार असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास पुढचे पटाशीचे दात पडायला लागतात. मग सुळे आणि उपदाढा बदलतात, तर मागच्या दाढा पहिल्यांदाच उगवतात. सातव्या महिन्यापर्यंत एकूण ४२ दात होतात, वरच्या जबड्यात २० आणि खालच्या जबड्यात २२. आपल्या मुलांमध्ये २० दातांचे ३२ होण्याचं काम सहाव्या वर्षी सुरू होतं आणि अक्कलदाढा धरल्या तर विशीपर्यंत चालतं. पिल्लू तेच काम तीन-चार महिन्यांत उरकतं. या काळात हिरड्या सुजतात, हुळहुळतात आणि काहीतरी दाबून धरल्याने त्यांना बरं वाटतं. पहिलं उत्तर अर्धं बरोबर म्हटलं ते यासाठी.

ढब्बूचे पडलेले तीन दात मला सतरंजीवर सापडले. (बाकीचे त्याने गिळले असणार, त्याने काही बिघडत नाही.) ते दात मी काडेपेटीत जपून ठेवले आहेत. भिंगातून पाहिलं तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. दाताला मूळ जवळजवळ नाहीच. खालची कड खडबडीत, खाल्ल्यासारखी आणि आतून पोकळ दिसते. मूळ तुटून हिरडीत राहिलं का? नाही. खालून वर येणाऱ्या कायमच्या दाताभोवती अशा पेशी असतात, की त्या दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवून टाकतात. आधारच गेला की दात हलायला लागतो आणि एक दिवस भाकरीबरोबर बाहेर येतो. माणसाच्या मुलातही अगदी हेच घडतं. पहिली-दुसरीच्या वर्गांना तर हा धडा आयताच मिळालेला आहे. पडलेला दात कौलांवर भिरकावण्याआधी एकदा धुऊन वर्गात आणायला सांगा आणि भिंगाखाली ठेवून मुलांनाच विचारा, याचं मूळ कुठे गेलं? दातांच्या डॉक्टरांकडून मोठ्या माणसाची काढलेली एखादी दाढ मागून आणता आली तर तिची लांबलचक मुळं शेजारी ठेवून पाहता येतील.

इथे एक घोटाळा बऱ्याचदा होतो. उंदराच्या पुढच्या दातांची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते : ते जन्मभर वाढतात, म्हणून त्याला सतत कुरतडून ते झिजवावे लागतात. तीच गोष्ट आपण नकळत कुत्र्याला लावतो. कुत्र्याचा दात एकदा पूर्ण आला की वाढत नाही. तो झिजला किंवा तुटला तर भरून येत नाही. म्हणूनच 'दात आहेत, चावू दे काहीही' असं म्हणून दगड किंवा फार कडक हाड देणं बरं नव्हे. वरची मोठी चौथी उपदाढ अशा हाडावर उभी चिरते. ढोबळ कसोटी अशी की, ज्या वस्तूवर अंगठ्याचं नख दाबल्यावर थोडासाही खळगा पडत नाही, ती पिल्लाच्या दातांसाठी फार कडक समजावी.

कॅल्शियमचं काय? पिल्लू भिंतीचा पोपडा खातं किंवा लाकूड चावतं म्हणून त्याला कॅल्शियमचं औषध पाजणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. पिल्लांसाठी बनवलेल्या चांगल्या खाद्यात कॅल्शियम पुरेसं असतं. शिवाय अगदी लहान पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम अडवता येत नाही, ते रक्तात शोषलं जातंच. भराभर वाढणाऱ्या मोठ्या जातींच्या पिल्लांत जादा कॅल्शियमने हाडांच्या वाढीत दोष निर्माण होतात हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. आधीच वेड्यावाकड्या पायांच्या बॅसेटवर हा प्रयोग कशाला? घरी शिजवलेल्या भात-पोळीवरच पिल्लू वाढत असेल तर प्रश्न वेगळा, पण तेव्हाही मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. माती सतत खात असेल तर जंत किंवा रक्तक्षय आहे का, हे आधी तपासून घ्यावं.

दात सगळे येऊन गेले तरी चावणं थांबत नाही. उलट सात-आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत ते जोरात चालतं, आणि आता जबडाही ताकदवान झालेला असतो. तेव्हा नुसत्या दातांनी हे कोडं सुटत नाही. आपण नवी वस्तू दिसली की हातात घेऊन उलटीपालटी करतो. कुत्र्याला हात नाहीत. वस्तू मऊ आहे की कडक, तुटते की लवचीक आहे, तिची चव कशी आहे, हे कळण्याचं त्याचं साधन म्हणजे तोंड. रांगणारं मूलही खुळखुळा तोंडातच घालतं. किती जोरात चावलं तर दुखतं हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकतं. एखाद्याला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ बंद पडतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये, त्यामागे हेही एक कारण आहे.

याच वयात पिल्लू मुलांचे हातही तोंडात धरतं, म्हणून वर्गात एक गोष्ट सांगायलाच हवी. रेबीजची पहिली लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास टोचतात, त्याआधी ते असुरक्षित असतं. पिल्लाचा दात लागून कातडी फाटली, नुसता ओरखडा उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. 'घरचंच पिल्लू आहे, दुधाचे दात आहेत' म्हणून मुलं हे घरी सांगत नाहीत.

बॅसेटच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. ही जात फ्रान्समध्ये सशाच्या शिकारीसाठी तयार झाली. ससा पकडणं हे याचं काम नव्हे. वासाचा माग काढत, जमिनीला नाक लावून तासन् तास संथपणे चालायचं आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्याला तिथवर न्यायचं, हे त्याचं काम. एवरेट मिलेस या इंग्रज हौशी माणसाने १८७४ साली फ्रान्सहून एक बॅसेट इंग्लंडला आणला आणि तिथे ही जात रुजवली. पुढे शिकार गेली, नाक तेच राहिलं. असं नाक घेऊन आलेलं जनावर आपण दोन खोल्यांच्या घरात ठेवतो आणि सकाळी नऊला कुलूप लावून जातो. घरात सर्वांत दाट वास कशाला? दिवसभर घामाने भिजणाऱ्या चपलांना, मोज्यांना, चष्म्याच्या काड्यांना, रिमोटला. चपल चामड्याची असेल तर ती म्हणजे मालकाचा वास लागलेलं कातडंच! यातून उपायही सुचतो. बॅसेटला पळवून दमवायला नको, हुंगवून दमवावं. जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे खोक्यात भरून त्यांत भाकरीचे तुकडे दडवले, तर ढब्बू वीस मिनिटं शोधत बसतो आणि नंतर गाढ झोपतो. फिरायला नेल्यावर त्याला ओढत पुढे नेण्यापेक्षा एकेका खांबापाशी हुंगू दिलेलं जास्त उपयोगी पडतं. दारं-खिडक्यांच्याच चौकटी चावल्या जात असतील आणि तेही फक्त घरी कुणी नसताना, तर मात्र ती एकटेपणाची भीती असू शकते. त्यावर वेगळे उपचार लागतात.

आता तो अपराधी चेहरा. आपण घरी येतो, चपलेची लक्तरं दिसतात आणि कुत्रा कान पाडून, नजर चुकवून, शेपूट घालून उभा असतो. 'त्याला कळतं हो सगळं!' न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवर हे तपासून पाहिलं. मालकाने खाऊ समोर ठेवायचा, 'खायचा नाही' असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. मग कधी कुत्र्याला तो खाऊ दिला जाई, तर कधी काढून घेतला जाई. मालकाला मात्र काही वेळा खरं सांगितलं जाई आणि काही वेळा खोटं. अपराधी चेहरा कोणाचा झाला? खाऊ खाल्लेल्यांचा नव्हे, रागावून घेतलेल्यांचा. काहीही न खाता बोलणी बसलेल्या कुत्र्यांत तर तो अधिकच दिसला. म्हणजे तो चेहरा गुन्ह्याची कबुली देत नाही, समोरच्या माणसाचा राग ओळखून उमटतो. (खडू कुणी फेकला हे मुलांच्या चेहऱ्यांवरून ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रयोग दोनदा वाचावा.) कृती आणि तिचा परिणाम यांत काही सेकंदांचंच अंतर असेल तर कुत्रा त्यांची सांगड घालतो. दुपारी चावलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी मार दिला, तर 'मालक घरी येतो तेव्हा मार बसतो' एवढंच तो शिकेल.

त्यामुळे चावताना दिसला तर न ओरडता वस्तू काढून घ्यावी आणि लगेच त्याची हक्काची वस्तू तोंडाशी द्यावी. ओलं करून पिळलेलं, गाठ मारून बर्फाच्या कप्प्यात गोठवलेलं फडकं सुजलेल्या हिरड्यांना फार आवडतं, मात्र ते आपल्या नजरेसमोरच द्यावं. मोठं गाजरही चालतं. जुनी चपल खेळायला देऊ नये, कारण जुनी आणि नवी हा भेद आपला आहे. बाकी वस्तू उचलून ठेवणं हाच खरा उपाय. विजेच्या वायरी, औषधांच्या पट्ट्या, चॉकलेट, बेदाणे आणि मनुका, झायलिटॉल घातलेला बिनसाखरेचा च्युइंगम या कुत्र्याला जिवावर बेतणाऱ्या गोष्टी आहेत. आंब्याची कोय, मक्याचं कणीस आणि पायमोजा यांना विष नसतं, पण ते गिळले की आतड्यात अडकतात. पिल्लू वारंवार ओकत असेल, खाणं सोडून पोट आवळून बसलं असेल आणि घरातला एखादा मोजा सापडत नसेल, तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं.