घसाऱ्याचे सौंदर्य
बारामतीच्या छोट्या गाडीचा देखावा घरी कसा उभारावा

व्यापारी घरात ‘घसारा’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. यंत्र आणले, गाडी घेतली, गोदाम बांधले की दरवर्षी त्याच्या किमतीतून काही रक्कम वजा होते. वस्तू वापरली जाते, झिजते आणि वहीत तिचे मोल उतरते. परंतु एका छंदात हा हिशेब नेमका उलटा चालतो. तेथे वस्तू जितकी झिजलेली, गंजलेली, रंग उडालेली दिसेल तितके तिचे मोल चढते. हा छंद म्हणजे जुन्या रेल्वेचा लघुरूप देखावा घडविणे.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच परकी नाही. दिवाळीत मातीचा किल्ला आणि गणेशोत्सवात देखावा करणारी मुले याच वाटेची पहिली पावले टाकत असतात. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथील छोटे शहर, सिग्नल आणि धावत्या गाड्या पाहून परतलेल्या मुलांनी घरी रुळांचा हट्ट धरला नाही, असे क्वचितच घडते.

झिजलेल्या, मळलेल्या गाड्यांचे देखावे करण्याची कला अमेरिकेत विशेष बहरली. तेथील जंगलांतून ओंडके वाहून नेणाऱ्या गाड्या हा छंदिष्टांचा आवडता विषय आहे. श्रावकाचारात वनकर्माची गणना कर्मादानांत होते. त्यामुळे लाकूडतोडीचा देखावा आपल्या दिवाणखान्यात अनेकांना रुचणार नाही. त्याची गरजही नाही. तंत्र तेच ठेवून विषय बदलता येतो आणि बारामती-इंदापूर परिसराजवळ त्यासाठी स्वतःचा विषय आहे.

दौंड ते बारामती हा सुमारे ४३ किलोमीटरचा लोहमार्ग १९१४ साली सुरू झाला. तो अडीच फुटी अरुंदमापी मार्ग होता. पुढे त्याचे रुंदीकरण झाले आणि ती छोटी गाडी इतिहासजमा झाली. कुर्डुवाडीकडची बार्शी लाइट रेल्वेही याच मापाची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली ही रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत धावू लागली आणि नंतर पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोहोचली. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ठेकेदारी सुरू केली, तेव्हा त्यांचे पहिले रेल्वेकाम याच बार्शी लाइटचे होते. साखर, जहाजे आणि विमाने यांच्या कितीतरी आधी या व्यापारी पुत्राने अडीच फुटी रुळांसाठी माती उपसून घेतली होती.

आता मापाकडे वळू. अडीच फूट म्हणजे ३० इंच, अर्थात ७६२ मिलिमीटर. त्याला ४८ ने भागले की पावणेसोळा मिलिमीटरहून किंचित अधिक येते. बाजारात सर्वत्र मिळणारा खेळातील रेल्वेचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा असतो. म्हणजे १:४८ या प्रमाणात बारामतीची गाडी त्या तयार रुळावर जवळजवळ अचूक बसते. या प्रमाणात प्रत्यक्षातील एक फूट पाव इंचाचा होतो. पाच फुटी स्लीपर सव्वा इंचाचा, साडेपाच फुटी हमाल सुमारे पस्तीस मिलिमीटरचा आणि फूटभर उंचीची गुळाची ढेप पाव इंचाची. तीन फूट लांब व दोन फूट रुंद फळीवर प्रत्यक्षातील १४४ फूट लांब आणि ९६ फूट रुंद जागा मावते. एक मालधक्का, दोन वाघिणी, एक बैलगाडी आणि गुळाची थप्पी एवढ्यासाठी ती पुरेशी आहे.

रूळ आणि चाके विकत घ्यावी लागतात. बाकीचे बहुतेक साहित्य घरातच सापडते. स्लीपर आणि वाघिणीच्या फळ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या चालतात. लाकडाला ऊनपावसाने येणारा करडा रंग हवा असेल, तर भांडी घासण्याच्या लोखंडी काथ्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये काही दिवस भिजत ठेवावा. बरणीचे झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. काडीला आधी कोऱ्या चहाचा हात द्यावा, ती सुकली की हे लोहपाणी लावावे. चहातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने नवी काडी तासाभरात वर्षानुवर्षे उन्हात पडल्यासारखी दिसू लागते.

गंजासाठी गेरूसारखा रंग नाही, कारण गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळेच येतो. ताजा गंज नारिंगी असतो, जुना गडद तपकिरी. रंगाचे पोपडे निघालेला पत्रा दाखविण्यासाठी मिठाची युक्ती आहे. पत्र्यावर आधी गंजाचा रंग देऊन पक्का करावा, तो पाण्याने ओला करून त्यावर मीठ भुरभुरावे, सुकल्यावर वरचा रंग फवारावा आणि शेवटी मीठ झाडून टाकावे. जेथे मीठ होते तेथे आतला गंज डोकावतो. धुराच्या डागांसाठी दिव्याची काजळी आणि धुळीसाठी खडूची भुकटी पुरते.

साहित्य निवडताना जैन घराला थोडे सावध राहावे लागते. जुन्या पद्धतीचा सरस जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून बनतो, लाखेचा रोगण कीटकांपासून येतो आणि चित्रकारांचे उत्तम मानले जाणारे कुंचले प्राण्यांच्या केसांचे असतात. या तिन्हींना पर्याय आहेत. कृत्रिम पांढरा डिंक, ॲक्रिलिक रोगण आणि नायलॉनचे कुंचले यांनी कामात कोठेही उणीव राहत नाही. खडी व माती बसविण्यासाठी डिंकात तितकेच पाणी आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब मिसळावा, म्हणजे द्रव कणाकणांत झिरपतो. माती शक्यतो तिकडचीच काळी घ्यावी. ती आधी उन्हात पसरावी, जीवजंतू नाहीत हे निरखून पाहावे, मग वस्त्रगाळ करावी. वाळल्या गवतासाठी बारीक कातरलेली सुतळी शोभते.

येथवरचे काम हाताचे आहे. खरी कसोटी पुढे लागते. गंज वाटेल तेथे फासला की गाडी जुनी दिसत नाही, केवळ घाण दिसते. गंज धरतो तो पाणी साचते त्या कोपऱ्यात, बिजागरीखाली, रिव्हेटभोवती. फळी झिजते ती हमालाचा पाय रोज पडतो त्या उंबऱ्यापाशी. प्रत्येक डागामागे कोणाचे तरी काम असते आणि ते काम ठाऊक असल्याशिवाय डाग खरा ठरत नाही. गुळाच्या ढेपा रचण्याची रीत कशी होती? धक्क्याची कड दगडाची होती की फळ्यांची? पावसाळ्यात माल कशाने झाकत? गाडीची छायाचित्रे शोधली तर सापडतात, परंतु अशा गोष्टींचे छायाचित्र सहसा कोणी काढलेले नसते. त्या आठवतात फक्त पेढीवर बसलेल्या आजोबांना आणि मोटांची मोजणी करणाऱ्या जुन्या दिवाणजींना. रूळ पुढच्या वर्षीही विकत मिळतील, ती उत्तरे मिळतीलच असे नाही. म्हणून या छंदाचे पहिले साहित्य कुंचला नव्हे, वही होय. आजोबांजवळ बसून, तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत उत्तरे टिपून घ्यावीत.

देखावा पूर्ण झाल्यावरही वही मिटू नये. कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांनी आपल्या लघुरेल्वेत झीज आणि मळ दाखविण्याची कला अशी साधली की जगभरच्या छंदिष्टांनी तिचे अनुकरण केले. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि थोड्याच दिवसांत आगीत त्यांचे अनेक वर्षांचे काम नष्ट झाले. आज त्यांची रेल्वे जगाला कळते ती आधी काढलेल्या छायाचित्रांमुळे आणि लेखांमुळे. आपल्या देखाव्याचीही छायाचित्रे घ्यावीत आणि आजोबांच्या उत्तरांची एक प्रत घराबाहेर, मुलीच्या वा भावाच्या घरी ठेवावी.

शेवटचे काम रुळांचे. रुळाच्या दोन्ही बाजू गेरूने रंगवाव्यात. माथ्याचे काय करायचे ते घराने मिळून ठरवावे. मार्ग बंद पडला की रुळाचा माथाही गंजतो. गाडी रोज धावत असेल तर चाकांच्या घर्षणाने तो लखलखीत राहतो. बहुतेक आजोबा माथा उजळ ठेवायला सांगतील. बारीक पॉलिश कागद बोटाला गुंडाळून नातवाने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घासावा आणि आजोबांनी सांगितलेल्या वेळेला गाडी धक्क्याला लावावी.