टॉन्सिल्स सुजले, की लगेच अँटिबायोटिक?

ऋतू बदलला, की लहान मुलांचे घसे धरू लागतात. ताप चढतो, गिळताना दुखते, मूल जेवण नाकारते. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी लालभडक दिसतात. अशा वेळी अनेक घरांत मागच्या आजारपणातील अँटिबायोटिकची उरलेली बाटली बाहेर निघते. नेमके हेच टाळायला हवे. पाणी मिसळून तयार केलेले हे औषध जेमतेम आठवडा-दोन आठवडे टिकते. शिवाय बहुतेकदा त्याची गरजही नसते.

लहान मुलांमधील बहुतांश टॉन्सिलदाह विषाणूंमुळे होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक निष्प्रभ ठरते. सोबत सर्दी, खोकला असेल, तर विषाणूचीच शक्यता अधिक. हा आजार साधारण आठवडाभरात बरा होतो. तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, पेज, मऊ भात आणि विश्रांती पुरेशी असते. मुलांना ॲस्पिरिन मात्र देऊ नये.

दुसरी शक्यता स्ट्रेप्टोकॉकस या जीवाणूची. तीन वर्षांखालील मुलांत तो क्वचित, तर ५ ते १५ वर्षांच्या मुलांत अधिक आढळतो. अचानक ताप, टॉन्सिल्सवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव असल्यास डॉक्टर घशातील स्रावाची तपासणी करून घेऊ शकतात. यावर पेनिसिलिन गटातील औषध सहसा १० दिवस दिले जाते. दोन-तीन दिवसांत मूल खेळू लागते आणि पालक औषध थांबवतात. येथेच धोका असतो. अर्धवट उपचारांनंतर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. भारतात हा आजार आजही आढळतो.

टॉन्सिल्स केवळ मोठे दिसतात म्हणून काढले जात नाहीत. वर्षात ७ वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा तीव्र त्रास झाला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. झोपेत घोरताना श्वास अडखळत असेल, तरीही तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

श्वास घेण्यास त्रास, सतत लाळ गळणे, पाणीही न गिळणे, तोंड उघडता न येणे यांपैकी काहीही दिसल्यास मात्र वाट न पाहता मुलाला रुग्णालयात न्यावे.