हातगडाच्या पोटातली खाण

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात जुन्या खाणकामगारांच्या खोल्या अजून उभ्या आहेत. सोन्या-चांदीच्या मागे धावणारी माणसं केव्हाच निघून गेली, खाणी ओस पडल्या. आता हौशी लोक तिथे मुक्कामाला जातात. जो आधी पोचेल त्याची खोली. पाणी मात्र थेंबन् थेंब बरोबर न्यायचं आणि उघड्या विवरांपासून चार हात लांब राहायचं.

आपल्या सह्याद्रीत गडावर मुक्काम करणारा माणूस याच्या बरोब्बर उलटं करतो. तो ओस पडलेल्या खाणीच्या काठाशी बसतो आणि तिच्यातलंच पाणी पितो. ही खाण म्हणजे गडावरचं टाकं.

नाशिकहून वणीमार्गे सापुताऱ्याकडे निघालं की गुजरातची हद्द लागण्याआधी हातगड गाव येतं. तालुका सुरगाणा. बोरगावच्या पुढे हंगामात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची दुकानं लागतात आणि बहुतेक गाड्या तिथे खरेदी करून थेट सापुताऱ्याच्या तळ्यावर जातात. गावामागचा सुमारे 3600 फूट उंचीचा किल्ला खिडकीतूनच पाहिला जातो. साल्हेर-मुल्हेरच्या मानाने हा तसा बुटका. 2025 साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात नाशिक जिल्ह्यातून साल्हेर गेला. हातगडाचं नाव तिथे येण्याचा प्रश्नच नव्हता. पण दगड कसा फोडायचा हे बघायचं असेल तर मी माणसाला हातगडावर नेईन. इथली वाट तटातून आत शिरण्याऐवजी कातळातून शिरते. दरवाजा डोंगरात कोरून काढलेला, जवळच कातळात खोदलेली गुहा आणि पाण्याची जागा. दरवाजाशी देवनागरी शिलालेख आहे. शके 1469, म्हणजे इसवी सन 1547. बागलाणचा बागुल राजा दुर्गभाण आणि अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा यांची नावं त्यात येतात. पुढे 1818 मध्ये कॅप्टन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी इथे येऊन गेला. तिथून गडाचं राजकारण संपलं.

राजकारण संपलं, पण टाकी काम करत राहिली. तट ढासळले, दरवाजांची दारं गेली, वाड्यांची जोती तेवढी उरली. टाकं मात्र दर पावसाळ्यात भरतं. अख्ख्या गडावर ज्याच्यासाठी केलं ते काम आजही करणारी वस्तू ही एवढीच.

गड बांधायचा तर दगड हवा आणि पाणीही हवं. दोन्ही वर चढवणं म्हणजे माणसं आणि जनावरं मारणं. म्हणून जुन्या लोकांनी एका दगडात दोन पक्षी मारले. गडावरच खड्डा खोदायचा, निघालेला दगड तटाला आणि जोत्याला लावायचा, उरलेल्या खड्ड्यात पाणी साठवायचं. हिशेब मांडून बघा. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असं बेताचं टाकं घेतलं, तरी अठरा घनमीटर कातळ निघतो. आपला काळा पाषाण घनमीटरला पावणेतीन टनांच्या वर भरतो. म्हणजे पन्नास टनांच्या आसपास दगड जागच्या जागी मिळाला. खड्ड्यात अठरा हजार लिटर पाणी मावतं. शंभर माणसांना रोज चार लिटर धरले तर दीड महिना निघतो. एवढ्यावर गड लढत नाही, म्हणून टाकी एक-दोन नसतात, ती गडभर विखुरलेली असतात.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात याविषयी स्पष्ट ताकीद आहे. आधी पाणी बघावं, मग किल्ला बांधावा; पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असंही ते बजावतात. झऱ्याचं हे शास्त्र आजच्या भूजलतज्ज्ञाला कितपत पटेल ते सोडा. साठवलेल्या पाण्यावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे. आणि ही रीत मराठ्यांनी सुरू केलेली नव्हे, फार जुनी आहे. नाणेघाटात, कान्हेरीला, जुन्नरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांमागच्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी टाकी खोदवून दान दिल्याचे ब्राह्मी लेख आहेत. त्या काळी वाटसरूला पाणी पाजणं हे लेणं कोरण्याइतकंच पुण्याचं काम होतं.

जागा निवडणं ही या कामातली खरी मेख. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. सगळे सारखे नाहीत. दिसायला घट्ट आणि काळाभोर असलेल्या पाषाणाला उभ्या भेगा असतात, त्यातून पाणी निसटतं. याउलट विहिरी खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो बुडबुड्यांच्या भोकांत पांढरे खडे भरलेला खडक मऊ असतो, पण त्याला भेगा कमी, म्हणून पाणी धरतो. हेच पांढरे खडे नाशिकच्या पांडवलेणी परिसरातल्या दगडखाणींत सुंदर स्फटिक होऊन निघाले. जगभरच्या संग्राहकांनी ते नेले आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे मांडले गेले. दोन थरांमध्ये कधी विटकरी मातकट पट्टा लागतो. तिथे खोदलं की टाकं गळतं. गडांवर अर्धवट सोडलेली कोरडी टाकी दिसतात, त्यातली काही अशीच फसलेली असणार.

अवजारं मोजकी. छिन्नी, घण, पहार, पाचर. आधी चौकोन आखायचा, कडेने खाचा मारायच्या, मधला ठोकळा पाचरी ठोकून उचकटायचा, मग पुढचा. भिंत सरळ उतरवायची आणि एका कडेला उतरण्यापुरत्या पायऱ्या राखायच्या. मोठं टाकं आत डोंगराच्या पोटात न्यायचं असेल तर मधे खांब सोडायचे. खांबटाक्यात ऊन शिरत नाही, म्हणून पाणी कमी उडतं आणि शेवाळही कमी धरतं. शेजारी-शेजारी दोन टाकी असली तर गाळ पहिल्यात बसतो आणि दुसऱ्यात निवळ पाणी जातं. काठावर कधी वाटीएवढे गोल खळगे सापडतात. वर मांडव घालायला बांबू रोवायची ती सोय. हे काम करणाऱ्यांची नावं गडांच्या शिलालेखांत सहसा सापडत नाहीत. आपल्याकडे पाथरवट, बेलदार, वडार अशा जातींनी पिढ्यान् पिढ्या दगड फोडला. किल्ला मात्र नेहमी राजाने बांधलेला असतो.

ही कारागिरी दिवसा धड दिसत नाही. मुक्काम करायचा तो यासाठी. अंधार पडल्यावर विजेरी टाक्याच्या भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा. दुपारी सपाट वाटलेल्या भिंतीवर छिन्नीचे तिरके ओरखडे उभे राहतात, बोटा-बोटाच्या अंतरावर, ओळीने. एका उंचीपर्यंत ते एकाच बाजूला झुकलेले, तिथून खाली कल बदललेला. पाळी बदलली असेल, हात बदलला असेल, कदाचित नुसती उभं राहायची बाजू बदलली असेल. दूरवर सापुताऱ्याच्या हॉटेलांचे दिवे लुकलुकत असतात, आणि खोलीचं भाडं भरून झोपलेल्यांची मला तरी कधी असूया वाटलेली नाही.

मुक्कामाचे नियम साधे आहेत. वनखात्याला विचारून जा. उजेडी पोचा आणि तंबूची जागा शोधण्याआधी पाणी शोधा. तंबू टाक्यापासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला. टाक्यात पाय घालायचे नाहीत, भांडी तिथे घासायची नाहीत. दोर आणि डोलची जवळ ठेवा. पाणी पंच्याने गाळा आणि उकळा. वर हिरवी साय असेल तर त्या टाक्याच्या वाटेला जाऊ नका. कड्याला आग्या मोहोळ असेल तर चुलीचा धूर तिकडे जाता कामा नये, यात थट्टा नाही. उन्हाळ्यात टाक्यात पाणी मिळेलच असं धरून चालू नका.

उन्हाळ्याचा विषय निघाला की गडावरून खाली बघावं लागतं. सुरगाण्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं. भात आणि नागली त्यावरच पिकते. पण डोंगर उताराचा, माती पातळ. नार-पार नद्यांचं पाणी पश्चिमेला गुजरातेत उतरून समुद्राला मिळतं. होळी उलटली की पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात आणि बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. 2022 च्या डिसेंबरात तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली, तेव्हा रस्ते, दवाखाने यांच्याबरोबर पाण्याची तक्रारही होतीच. ज्या डोंगरावर पाचशे वर्षांपूर्वी सैन्याला वर्षभर पुरेल असं पाणी साठवायची युक्ती लोकांना होती, त्याच्याच पायथ्याला ही वेळ यावी, याचा राग येतो.

किल्ल्यांवर हल्ली पैसा येतो तो पायऱ्या, कठडे, फलक आणि दिव्यांवर जातो. मला विचाराल तर पहिला रुपया गाळ काढण्यावर खर्च व्हावा. नाशिक जिल्ह्यातल्या दुर्गसंवर्धन करणाऱ्या मंडळांची पोरं सुट्टीच्या दिवशी घमेली-फावडी घेऊन हेच काम करतात, साखळी करून, कमरेएवढ्या चिखलात. वरचा थर प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा आणि गुटख्याच्या पुड्यांचा. त्याखाली काळा कुजका गाळ, मग तटाचे ढासळलेले चिरे, आणि तळाशी कधी खापरं. इथे घाई नडते. खापरं किंवा लोखंडाचा तुकडा दिसला की फावडं थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवायला हवं, कारण टाक्याच्या तळाचा गाळ हा त्या गडाचा न उघडलेला दप्तरखाना असतो. गाळ उपसून वरच्या उतारावर टाकला तर पहिल्याच पावसात तो परत आत येतो, म्हणून तो खालच्या अंगाला नेऊन पसरायचा. आणि हे सगळं मृगाच्या आत उरकायचं.