देवघेवीच्या टेबलाशेजारी

काकांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला आणि शेवटी माझ्यापुढे केला. "बघा हो, आहे का नाही, काही कळत नाही." ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर त्यांनी 'वाऱ्यावरची वरात' शोधलं होतं आणि उत्तर आलं होतं, 'नोंद आढळली नाही'. ग्रंथपालबाई जागेवरून न उठता म्हणाल्या, "आहे की! दोन प्रती आहेत. एक बाहेर गेलीय, दुसरी नाटकांच्या कपाटात असेल."

तालुक्याच्या गावातलं हे 'अ' वर्गाचं ग्रंथालय. त्याचं संकेतस्थळ नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आधी मी चार दुपारी देवघेवीच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. माझी पद्धत साधी आहे. आलेल्या सभासदाला सांगायचं, तुम्हाला जे हवंय ते मोबाइलवर शोधा. आणि आपण गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार कठीण जातं. माणूस भलतीकडे बोट नेतो तेव्हा 'तिथे नाही, खाली बघा' हे अगदी ओठांवर येतं. पण त्याचं बोट जिथे गेलं तिथेच ती गोष्ट असायला हवी होती, आणि तेवढंच बघायला मी तिथे बसलेलो असतो.

पान उघडलं की वर पाच फोटो फिरत. उद्घाटन, सत्कार, देणगीदार, पुन्हा सत्कार आणि अभ्यासिका. ओळ वाचून होण्याआधी फोटो बदले. त्याखाली अध्यक्षांचं मनोगत आणि संस्थेचा इतिहास. ग्रंथालयाची वेळ अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी आली. तिला अभ्यासिकेत जागा आहे का ते बघायचं होतं. अभ्यासिकेचा फोटो समोर येताच तिने त्यावर बोट टेकवलं, पुन्हा टेकवलं, तिसऱ्यांदा जरा दाबून. तो नुसता फोटो होता. तिने मोबाइल खिशात ठेवला आणि बाईंना तोंडी विचारलं.

चार दिवसांत येणाऱ्यांना हवं असलेलं बहुतेक सगळं चार प्रश्नांत मावलं. आज उघडं आहे का, पुस्तक आहे का, बाहेर गेलं असेल तर कधी येणार, आणि वर्गणी-अनामत किती. हे चारही आता पहिल्या पानावर आहेत. देणगीदारांचे फोटो काढायला कार्यवाह तयार नव्हते आणि त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण देणग्यांवाचून ही कपाटं भरली नसती. पुस्तकाच्या आतल्या पानावर 'यांच्या स्मरणार्थ' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. तीच ओळ आम्ही त्या त्या पुस्तकाच्या नोंदीखाली आणली. फिरत्या फोटोतलं नाव कुणी वाचत नव्हतं. पुस्तक शोधणारा हे नाव वाचतो.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शोधपेटीवर, आणि तो जायलाच हवा होता. काकांचं पुस्तक सापडलं नाही याला कारण 'वाऱ्या'मधला तो अर्धा र. युनिकोडमध्ये तो दोन रीतींनी लिहिता येतो. खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, ही एक रीत. साधा र, मग हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, ही दुसरी. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द. बाईंनी यादी टंकली एका रीतीने, काकांचा कीबोर्ड लिहितो दुसऱ्या रीतीने. शिवाय घाईत रफार देऊन 'वार्यावरची' लिहिणारेही पुष्कळ. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ साली; जुन्या नोंदींत 'अ'वर चंद्र चढवून काम भागवलेलं असतं.

पु. लं.च्या नावाची गंमत तर रोज चालू होती. कुणी 'पुल' लिही, कुणी 'पु ल', कुणी टिंबं देऊन. यादीत मात्र ग्रंथालयांच्या शिस्तीप्रमाणे आडनाव आधी: 'देशपांडे, पु. ल.' त्यातून जुनी यादी युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेली. तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, म्हणून रूपांतर करताना ती मागच्या अक्षराला चिकटली आणि कित्येक ठिकाणी 'कविता'चं 'किवता' झालं. अशा नोंदी बाईंनी आणि मी दाखल रजिस्टर समोर ठेवून दुरुस्त केल्या. शोधपेटीला मात्र आता टिंबं, मोकळ्या जागा, ऱ्हस्व-दीर्घ आणि र्‌च्या सगळ्या रूपांतले फरक विसरायला लावलं आहे. वाचकाचं शुद्धलेखन तपासणं हे तिचं काम नव्हे.

क्रमवारीतही यंत्राने आपलंच चालवलं होतं. 'ज्ञानेश्वरी' ज खाली दिसे. आपल्या वर्णमालेत ज्ञ शेवटी आणि ळ ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ चा क्रमांक ल ला लागूनच आहे. मराठी क्रम निवडून द्यावा लागतो. तो कुणी निवडला नव्हता.

आता दिसण्याविषयी. जुना साचा इंग्रजीसाठी बनवलेला होता. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात, त्यांच्यात फट वाढवली की मथळ्याला ऐट येते. देवनागरीत तशी फट पडली की शिरोरेषाच तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडके. अंतर वाढवलं, मथळ्यातली फट काढली, मजकुरासाठी मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला, सर्वांना मोफत असलेला 'मुक्ता' फॉन्ट घेतला. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "आज चष्मा न लावता वाचलं."

संस्थेची ओळख म्हणून जुन्या पानावर सोनेरी, फुगीर अक्षरांत नाव होतं. दारावरच्या पाटीवर मात्र पेंटरने तांबड्या रंगात रंगवलेली देखणी अक्षरं आहेत, आणि पुस्तकांवरचा शिक्काही तांबडाच. गाव ग्रंथालयाला ओळखतं ते त्या पाटीवरून आणि त्या शिक्क्यावरून. मी पाटीचा फोटो काढून ती अक्षरं तशीच उतरवून घेतली आणि रंगही तोच ठेवला. तेव्हा एक खटकणारी गोष्ट दिसली. पाटीवर देठाचा श आणि पाकळीचा ल, तर संकेतस्थळावर शेंडीफोड्या श आणि दंडाचा ल. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाटीवरचीच रूपं प्रमाण ठरवली आहेत. मथळ्यांच्या फॉन्टात दोन्ही रूपं होती, पण पानाच्या आत भाषा 'इंग्रजी' अशी नोंदलेली होती. तिथे 'मराठी' लिहिलं आणि सगळे ल, श एकदम पालटले. बाई वाकून बघत म्हणाल्या, "आता आपल्या पाटीसारखं झालं."

चौदा दिवसांनी काका पुन्हा आले. मोबाइल त्यांच्याच हातात होता, मी काही बोललो नाही. त्यांनी 'वार्यावरची' एवढंच लिहिलं, तेही रफार देऊन. पडद्यावर आलं: प्रती दोन; एक सतरा तारखेला परत येणार, दुसरी कपाट क्रमांक ९. काका उठले आणि कपाटाकडे गेले.