विंचू चावल्यावर बीपीची गोळी का? उत्तर महाडच्या डॉक्टरांच्या शोधनिबंधांत

भिवंडी : दिवाळी उलटली की तालुक्यात वीटभट्ट्यांचा हंगाम सुरू होतो. विटांचे थर, पेंढ्याची उडवी, सरपणाचा ढीग या विंचवाच्या हक्काच्या जागा. विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेले आणि लक्षणे गंभीर असली, की डॉक्टर प्राझोसिन नावाची गोळी देतात. गोळी रक्तदाबाची आहे, हे कळल्यावर नातेवाईक चक्रावतात. चावलाय विंचू आणि देताय बीपीची गोळी?

ही पद्धत रायगड जिल्ह्यातल्या महाडमधून जगभर गेली. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या तांबड्या विंचवाच्या दंशाने तेव्हा धडधाकट माणसे, विशेषतः लहान मुले दगावत. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाची बारीक नोंद ठेवली आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. पुढचा धोका सांगणारी लक्षणे कोणती, हा त्याचा विषय. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच त्यांचा आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा प्राझोसिनवरचा लेख आला.

गोळीमागचे गणित असे. तांबड्या विंचवाचे विष अंगात भिनले की ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये एकदम रक्तात उसळतात. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढते, हृदयावर भलताच ताण येतो. हृदय थकले की फुफ्फुसात पाणी भरते आणि माणूस धापा टाकू लागतो. मरण येते ते बहुतेकदा या पाण्याने. प्राझोसिन आवळलेल्या वाहिन्या सैल करते. बावस्करांच्या लेखनानुसार, पूर्वी गंभीर दंशातले २५ ते ३० टक्के रुग्ण फुफ्फुसात पाणी होऊन दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले.

आता ‘सायटेशन’कडे. एखाद्या डॉक्टरची ओळख करून देताना ‘इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन’ असे आकडे हल्ली सांगितले जातात. सायटेशन म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात दिलेला दाखला. सातबाऱ्यावर जसे फेरफार क्रमांक मागचा व्यवहार दाखवतात, तसे हे दाखले कोणते म्हणणे कुठून आले ते दाखवतात. ‘एच-इंडेक्स’ही याच मोजणीतला : दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा दाखले मिळाले, तर तो दहा. मात्र दाखला म्हणजे शाबासकीच असते असे नाही. ‘यांचे म्हणणे आम्हाला पटत नाही’ असे लिहिणाराही दाखला देतोच, आणि मोजणीत तोही धरला जातो.

विंचवाच्या बाबतीत तसेच झाले. चिपळूणचे डॉ. व्ही. एस. नातू आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये गंभीर दंशात विंचूविषावरची लस, म्हणजे प्रतिविष, उपयोगी पडते असे लिहिले. बावस्करांच्या २००७ च्या लेखात मात्र प्राझोसिनच उजवे ठरले. २०१० मध्ये नातूंच्या गटाने पुन्हा लसीची बाजू मांडली. महाड आणि चिपळूण एकाच महामार्गावरची गावे, पण डॉक्टरांचा वाद चालला छापील पानांवर, रुग्णांच्या नोंदी पुढे ठेवून. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना हेवा वाटावा असा हा वाद.

मग बावस्करांनी स्वतःचेच मत कसाला लावले. महाडमध्ये ७० रुग्णांचे सोडतीसारख्या पद्धतीने दोन गट पाडले. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दहा तासांत बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. म्हणजे जोडीने दिलेला उपचार सरस निघाला. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा निबंध छापला. आपल्या आधीच्या निष्कर्षाला मुरड घालणारा निबंध स्वतःच छापायला आणणारे डॉक्टर फार नसतात. सायटेशनच्या नुसत्या आकड्यात ही गोष्ट दिसत नाही. त्यासाठी निबंध उघडून वाचावे लागतात. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

भट्टीवर किंवा शेतावर काम करणाऱ्यांना यातले लक्षात ठेवण्यासारखे ते १९८२ च्या निबंधातले. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण कोकणात जीव घेणारा विंचू आकाराने लहान आणि तांबडा. नुसतीच ठणक असेल तर धोका त्या मानाने कमी असतो. पण दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे सुरू झाले, मग दुखत नसले तरी, विष भिनले असे धरायचे. विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत मंत्र, पाला, चिरा यांत वेळ घालवायचा नाही. पडघा, अनगाव किंवा वज्रेश्वरीच्या बाजूची माणसे रात्री शहराकडे निघतात तेव्हा वाटेतच तास जातो. जवळच्या आरोग्य केंद्रात आधी थांबून पहिला डोस मिळतो का ते विचारावे, आणि विंचू किती वाजता चावला ती वेळ डॉक्टरांना आठवणीने सांगावी.