आधी पाहणी, मग बोली
बडोद्यात लिलावातले घर घेताना

'घर पाहावे बांधून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आता घर बांधण्यापेक्षा विकत घेण्याकडे लोकांचा ओढा आहे. नोकरीनिमित्त बडोद्यात गेलेली सीमाभागातली मुलेही तिथे घर शोधतात. अशा वेळी बँकेच्या लिलावातला स्वस्त फ्लॅट मोहात पाडतो. लिलावाला मराठीत हर्रास, कन्नडमध्ये हराजु, तर गुजरातीत हराजी म्हणतात. शब्द ओळखीचा असला, तरी त्यामागचे नियम समजून घेतलेले बरे.

लिलाव कसा होतो?

कर्ज थकले की २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार बँक तारण घराचा ताबा घेते. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत ठरवून घेते आणि राखीव किंमत जाहीर करते. त्याखाली घर विकले जात नाही. बोली बहुधा ऑनलाइन असते. सरकारी बँकांच्या मालमत्ता 'बँकनेट' या संकेतस्थळावर पाहता येतात. बोलीआधी अनामत भरावी लागते. ती साधारणपणे राखीव किमतीच्या दहा टक्के असते.

बोली आपल्या नावावर झाली, की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी अनामतीसह २५ टक्के रक्कम पुरी करावी लागते. उरलेली ७५ टक्के रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायची असते. लेखी संमतीने मुदत वाढते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. पैसे उभे राहिले नाहीत, तर भरलेली रक्कम जप्त होते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद उचलून धरली. म्हणून गृहकर्जाची मंजुरी बोलीआधीच हातात असावी.

काय पाहावे?

जाहिरातीत 'जसे आहे, जेथे आहे' असे शब्द असतात. त्यांचा अर्थ, घरातले दोष घेणाऱ्याच्या माथी. जुन्या मालकाची वीजबिलाची थकबाकीही नियमांत तशी तरतूद असेल तर नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. घरपट्टी आणि सोसायटीची बाकीही आधीच विचारावी.

ताबा प्रत्यक्ष की सांकेतिक, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. सांकेतिक असेल तर आत जुना मालक किंवा भाडेकरू राहत असू शकतो. कर्जदाराने ऋण वसुली न्यायाधिकरणात दावा केला आहे का, हेही पाहावे.

कागदपत्रांत सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड म्हणजे गुजरातीतले 'मिलकत पत्रक'. 'बी.यू.' परवानगी म्हणजे आपल्याकडचे भोगवटा प्रमाणपत्र. कर्नाटकात आपण ई.सी. काढतो, त्या हेतूने तिथे वकिलाकडून निबंधक कार्यालयातील नोंदींचा शोध घ्यावा. शहराच्या काही भागांत १९९१ चा 'अशांत धारा' लागू आहे. तिथे हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

शेवटची पाहणी पाण्याची. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांवर गेली आणि अनेक वसाहतींत पाणी शिरले. तळमजल्याच्या भिंतीवर ओलीची रेघ दिसते का, वीजमीटर किती उंचीवर आहे, हे बघावे. शेजाऱ्यांना विचारावे. त्यांच्याइतकी खरी माहिती बँकेच्या कागदात नसते. जमल्यास स्थापत्य अभियंत्याला सोबत न्यावे.

खर्चाचा हिशेब

बोलीच्या रकमेवर मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी फी एक टक्का धरावी. खरेदी केवळ स्त्रियांच्या नावे असेल तर गुजरातेत नोंदणी फी माफ आहे. थकबाकी व डागडुजी मिळवून जो आकडा येईल, तो कागदावर लिहून ठेवावा आणि बोली त्यापुढे गेली की थांबावे. हर्रासीत चढाओढीचा जोर मोठा असतो. घर मात्र आयुष्यभराच्या पुंजीतून घ्यायचे असते.