भोपळ्यावर वाढणारी मित्रकीड

जास्वंद, सीताफळ, पेरू किंवा द्राक्ष यांच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, की तो पिठ्या ढेकणाचा उपद्रव समजावा. हा मऊ अंगाचा कीटक सोंडेने झाडाचा रस शोषतो. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारलेले औषध त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि तो बाहेर टाकत असलेल्या चिकट गोड द्रवावर काळी बुरशी वाढून पाने काजळतात. अशा किडीला खाणारा दुसरा कीटक मुद्दाम वाढवून बागेत सोडणे यास जैविक कीड नियंत्रण म्हणतात, आणि या कामी फार उपयोगी पडलेला एक गट म्हणजे ढालकिडे अर्थात लेडीबर्ड भुंगे. त्यांचे संगोपन घरीही करता येते. मात्र त्यासाठी भुंग्याच्या आधी त्याचे भक्ष्य पाळावे लागते.

ढालकिड्याच्या पाठीवरील घुमटाकार कठीण कवच म्हणजे त्याच्या पुढच्या पंखांची जोडी असून उडण्याचे पातळ पंख तिच्याखाली दुमडलेले असतात. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या चार अवस्थांतून त्याचे जीवन जाते, आणि अळीचे रूप प्रौढाहून इतके वेगळे असते, की तिला कीड समजून मारले जाण्याची भीती असते. या कुळातील बहुसंख्य जाती परभक्षी, म्हणजे इतर कीटकांवर जगणाऱ्या आहेत. भारतात पिवळ्या-केशरी पाठीवर नागमोडी काळ्या रेघा असलेली जात आणि सात ठिपक्यांची तांबडी जात मावा खाताना सर्रास दिसतात. याच कुळातील एपिलॅक्ना भुंगा मात्र वांगी व बटाट्याची पाने खरवडून त्यांची जाळी करतो; त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लवेमुळे मंद दिसते आणि अळी पिवळी व काटेरी असते. त्यामुळे बागेतील भुंगे पकडून पाळण्यापूर्वी ते पानावर नेमके काय खातात, हे पाहणे आवश्यक ठरते.

ढालकिड्यांचा हेतुपुरस्सर वापर जगापुढे ठळकपणे आला तो कॅलिफोर्नियात. तेथील लिंबूवर्गीय बागा कापशी खवले किडीने उद्ध्वस्त होऊ लागल्या असता 1888 मध्ये आल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञास ऑस्ट्रेलियात पाठवण्यात आले आणि त्याने धाडलेल्या रोडोलिया या ढालकिड्याने थोड्याच काळात ती कीड आटोक्यात आणली. भारतात 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातूनच क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी ही जात कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी आणली गेली. त्या किडीवर तिचा प्रभाव पडला नाही, परंतु पिठ्या ढेकणावर ती चांगली पोसली जाते असे आढळले आणि ती येथे टिकून राहिली. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत पिठ्या ढेकणासाठी आज याच भुंग्याची शिफारस केली जाते. सुमारे 4 मिलिमीटर लांबीच्या या भुंग्याचे अंग काळपट तपकिरी, तर डोके आणि पंखांची टोके नारिंगी असतात.

त्याच्या संगोपनाची भारतात रुळलेली पद्धत लाल भोपळ्यावर आधारलेली आहे. पिकलेला भोपळा अनेक आठवडे न सडता टिकतो, त्याच्या सालीतून पिठ्या ढेकणाला पुरेसा रस मिळतो, आणि खोल खाचांमुळे किडीला बसण्यास आडोसा लाभतो. देठासह असलेला, ठळक शिरांचा भोपळा निवडून तो धुऊन, बुरशीनाशकाच्या सौम्य द्रावणाने पुसून कोरडा करतात आणि सालीवरील जखमा मेणाने बुजवतात, अन्यथा तेथूनच कुजण्यास सुरुवात होते. त्यावर किडीच्या अंडीपुंजक्या ठेवल्या, की त्यांतून निघालेली पिल्ले पसरतात आणि दोन ते तीन आठवड्यांत भोपळा पांढरा होतो. ही सारी व्यवस्था बारीक विणीच्या कापडाने बंद केलेल्या पेटीत, झाडांपासून दूर करावी लागते. कारण पिल्ले अत्यंत सूक्ष्म असल्याने ती निसटल्यास उपायच उपद्रव होऊन बसतो.

भोपळा भरला, की त्यावर प्रौढ भुंग्यांच्या नर-माद्या एक दिवसभर सोडून नंतर त्यांना दुसऱ्या भोपळ्यावर हलवतात. मादी आपली अंडी किडीच्या कापसासारख्या अंडीपुंजक्यांत घालते. ती पाच-सहा दिवसांत उबतात, अळी साधारण दोन आठवडे खात राहते, आणि कोषातील आठवड्या-दीड आठवड्यानंतर नवा भुंगा बाहेर पडतो. म्हणजे पहिली पिढी मिळण्यास सुमारे महिना लागतो. अळीच्या अंगावर पांढरे मेणाचे तंतू असल्याने ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते, पण ती अधिक मोठी आणि चपळ असते. एक अळी वाढीच्या काळात किडीची सुमारे 300 पिल्ले फस्त करते; खाद्य अपुरे पडले तर अळ्या एकमेकींनाच खातात. म्हणूनच किडीने भरलेला दुसरा भोपळा तयार होईपर्यंत नव्या पिढीची घाई करू नये.

माव्यासाठी नागमोडी रेघांचा स्थानिक ढालकिडा पाळायचा असल्यास भोपळ्याऐवजी चवळीची रोपे उपयोगी पडतात. कुंडीत दाट पेरलेल्या चवळीवर काळा मावा भरभर वाढतो. त्यावर बागेतूनच पकडलेले भुंगे सोडले असता पिवळ्या उभ्या अंड्यांचे पुंजके दिसू लागतात आणि उबदार हवेत दोन ते अडीच आठवड्यांत नवे भुंगे मिळतात.

बागेत सोडताना केवळ प्रौढ भुंगे सोडले, तर ते खाद्याच्या शोधात शेजारच्या बागेत उडून जाण्याचा संभव असतो, तर अळ्यांना पंख नसल्याने त्या सोडलेल्या झाडावरच खात राहतात. उन्हाची तिरीप उतरल्यावर, किडीच्या पुंजक्यांजवळ त्यांना सोडावे आणि त्या काळात कीटकनाशकांची फवारणी टाळावी. मुंग्यांचा बंदोबस्त तर त्याआधीच व्हायला हवा, कारण गोड द्रवाच्या लोभाने त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. बुंध्याभोवती चिकट पट्टी बांधणे आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटणे हे त्यावरील साधे उपाय होत.

हे सर्व साधले तरी कीड समूळ नाहीशी होणार नाही, आणि ती तशी होऊही नये. भक्ष्य संपताच ढालकिडे उपाशी मरतात किंवा निघून जातात, आणि पुढच्या उपद्रवाच्या वेळी झाडाला कोणी राखणदार उरत नाही. झाडाचे नुकसान होणार नाही इतपत कीड राहू देणे आणि परभक्षी तिच्यावर जगत राहतील एवढी जागा त्यांना देणे हा या पद्धतीचा पाया आहे. पूर्ण स्वच्छ पानाचा आग्रह सोडणाऱ्या बागायतदारालाच ती फळ देते.